रंगाचे दोन हात

मोठ्या आजारातून माणूस उठला की घरात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. एकीकडे शुक्राना अदा होतो, सदका काढला जातो, इयादतीला येणारे नातेवाईक सफरचंदांच्या पिशव्या ठेवून जातात. दुसरीकडे त्या माणसाच्या हातातली कामे एकेक करून काढून घेतली जातात. पाण्याचा तांब्या दुसराच कोणी भरून देतो. चपला दुसराच कोणी पायाशी आणून ठेवतो. बाजारहाट, किल्ल्या, हिशेबाची वही सगळे हळूहळू दुसऱ्याच्या ताब्यात जाते. हे मायेपोटीच होते, यात शंका नाही. पण अशा घरात आजार जातो आणि आजारपण मात्र मुक्काम ठोकून बसते.

औषध, पथ्य आणि इयादतीचे आदाब यांवर आपण या सदरात बोलत आलो आहोत. या महिन्यात त्यानंतरच्या दिवसांविषयी बोलू. इस्पितळाचा कागद मिळाला, ताप-रक्तदाब आटोक्यात आला, आता पुढे काय? हा प्रश्न आमच्या घरी आला तेव्हा त्याचे उत्तर आम्हाला घरातल्या जुन्या दारांपाशी सापडले. म्हणून गोष्ट दारांची आहे, पण ती नुसती दारांची नाही.

फालिज आणि त्यानंतरचे गप्प दिवस

आमचे बडे अब्बा जहाजावर सारंग होते. कोकणच्या खाडीकाठच्या आमच्यासारख्या गावांत हे नवल नाही. इथल्या कितीतरी मुस्लिम घरांची चूल पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर पेटली. वयाच्या अठराव्या वर्षी ते खलाशी म्हणून चढले आणि निवृत्त होईपर्यंत डेकवर राहिले. भर पावसाळ्यात एका सकाळी फजरच्या वुजूसाठी उठले, तर हातातून बदना सुटला. तोंड एका बाजूला ओढले गेले, बोलणे अडखळू लागले. उजवा हात आणि उजवा पाय गेला. फालिज, म्हणजे ज्याला मराठीत पक्षाघात म्हणतात तो.

वेळेत इस्पितळात नेता आले, जीव वाचला, अलहमदुलिल्लाह. अकराव्या दिवशी ते घरी आले. महिनाभरात काठीच्या आधाराने चालू लागले. बोलणेही बरेचसे साफ झाले. उजव्या हाताची बोटे मात्र अर्धवटच मिटत. व्यायाम शिकवायला येणाऱ्या भौतिकोपचार तज्ज्ञ बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितले होते, की चहाचा कप त्यांच्याच हातात द्या, सांडला तर सांडू दे. आम्ही तसेच करत होतो. अडचण वेगळीच होती. कप हातात घ्यायला बडे अब्बाच तयार नव्हते.

"आता काय उपयोग?" हे त्यांचे एकच वाक्य झाले. चेंडू दाबा म्हटले तरी तेच, दोरी ओढा म्हटले तरी तेच. मशीद घरापासून शंभर पावलांवर, पण पाय ओढत सफमध्ये जाऊन उभे राहायचे नाही म्हणून जुम्म्यालाही जाईनात. घरी खुर्चीवर नमाज पढत आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहत. एके रात्री त्यांनी बडी अम्मीला सांगितले, "दुआ कर, अल्लाहने मला उचलून घ्यावे." बडी अम्मीने आम्हाला हे सांगितले तेव्हा चुलीपुढे कोणी काही बोलले नाही.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम लिहितो आहोत. फालिज झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना पुढे नैराश्य येते. ते मेंदूला झालेल्या इजेतूनही येते आणि गमावलेल्या ताकदीच्या दुःखातूनही येते. आपल्या घरांत अशा माणसाला लगेच "सब्र करा, ईमान मजबूत ठेवा" असे सांगितले जाते. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याच्या मनावर आजाराच्या जोडीला गुनाहचे ओझेही चढते. उदास होणे म्हणजे ईमानची कमतरता नव्हे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आजारावर इलाज करण्याची शिकवण दिली, आणि मनाचा आजार त्यातून वगळलेला नाही. आम्ही डॉक्टरांना सगळे स्पष्ट सांगितले. त्यांनी त्यासाठी वेगळे औषध सुरू केले. मशिदीचे इमामसाहेब दर दोन दिवसांनी येऊन बसू लागले. तेही उपदेश करायला नव्हे, तर बंदरांच्या गोष्टी ऐकायला. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागले. दारांचे काम निघाले ते त्या सुमारास.

कामच औषध

पुढे जाण्यापूर्वी एक माहिती. रोजच्या कामांतून रुग्णाला पुन्हा उभे करण्याचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्याला ऑक्युपेशनल थेरपी किंवा व्यवसायोपचार म्हणतात. आपल्या देशात हे शिक्षण सुरू झाले ते मुंबईतच. १९५० साली के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी त्याची पहिली शाळा काढली. त्या जन्माने अमेरिकन. लग्न होऊन निंबकरांच्या घरात आल्या आणि इथल्याच झाल्या.

या शास्त्राचे म्हणणे साधे आहे. मेंदूचा एक भाग निकामी झाला, तर बाकीचा भाग काही प्रमाणात त्याचे काम शिकून घेतो. मात्र त्याला पुन्हा पुन्हा करायला लावावे लागते. नुसता हात वरखाली करण्यापेक्षा त्या हाताने काही खरे काम करणे अधिक उपयोगी पडते: भाकरी थापणे, बटण लावणे, कपाट पुसणे. कारण खऱ्या कामात डोळा, हात, तोल आणि लक्ष सगळे एकत्र लागते. आणि ते काम त्या माणसाच्या ओळखीचे, त्याच्या आवडीचे असेल, तर तो ते पुन्हा करायला बसतो. सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत जास्त दिसते, पण त्यानंतर दार बंद होते असे नाही. संथपणे ती पुढेही होत राहते.

चेंडू दाबणे हे बडे अब्बांच्या ओळखीचे काम नव्हते. रंग देणे होते. ज्याने जहाज पाहिलेले नाही त्याला वाटते की खलाशी दिवसभर समुद्राकडे पाहत बसतो. प्रत्यक्षात डेकवरचे निम्मे आयुष्य गंज ठोकून काढण्यात, खरवडण्यात आणि रंगाचे हात देण्यात जाते. खारी हवा लोखंड खाते. एका टोकाचे रंगवून होते तोवर दुसरे टोक गंजलेले असते.

कुवेतचा फोन

आमचे घर जुने, जांभ्या दगडाचे. पुढचे दोन झडपांचे दार सागाचे, आतली तीन फणसाच्या लाकडाची. घरात रमजानच्या आधी निकाह ठरला होता. चारही दारांचे रंग फुगले होते, पापुद्रे सुटत होते, पुढच्या दाराची खालची फळी पावसाच्या माऱ्याने करवडली होती. पेंटरला बोलावले. तो म्हणाला, तीन दिवसांत चारही दारे उरकतो.

पडवीतल्या खाटेवरून बडे अब्बांनी त्याचे बोलणे ऐकले आणि म्हणाले, "जुना रंग न काढता वरून फासणार हा. दोन पावसाळे टिकणार नाही." कित्येक महिन्यांनी त्यांनी कोणाच्या कामात खोट काढली होती. बडी अम्मीने तो धागा पकडला. "मग तुम्हीच करा ना," म्हणाली.

त्या रात्री कुवेतहून त्यांच्या मुलाचा फोन आला. घरात काय चालले आहे हे कळताच तो चिडला. "अब्बांना मजुरीला लावता? मी पैसे पाठवतो, पेंटर लावा. लग्नघरात लोक काय म्हणतील?" त्याचे दुखणे आम्हाला समजत होते. लांब राहणाऱ्या मुलाला पैशाखेरीज दुसरे काय पाठवता येते? बडी अम्मीने शांतपणे उत्तर दिले. "तुझ्या अब्बांनी उभी हयात जहाजे रंगवली. त्याच रंगावर तुझी शाळा झाली. तेव्हा ती लाज नव्हती, आता कशी झाली?" पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग त्याने विचारले, "कोणता रंग देताय?"

डॉक्टरांना आणि व्यायामाच्या बाईंना विचारले. दोघांनी होकार दिला, पण अटी घालून. शिडी नाही. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. एका बैठकीला वीस मिनिटे, मग आराम. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याने धारदार पत्रा हातात द्यायचा नाही, कारण साधे कापले तरी रक्त लवकर थांबत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोरडी घासणी नाही. त्याचे कारण प्रत्येक घराने समजून घ्यावे असे आहे.

जुन्या रंगातले शिसे

पूर्वीच्या तैलरंगांत शिसे घालत. त्याने रंग लवकर वाळे, चकाके आणि टिके. बडे अब्बांनी जहाजावर वापरलेला शेंदरी रंगाचा प्रायमर तर मुख्यतः शिशाचाच असे. आपण ज्याला शेंदूर म्हणतो तो शिशाचाच ऑक्साइड. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी, आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ती लागू झाली. आता रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे चालत नाही. याचा अर्थ त्याआधी रंगवलेल्या कोणत्याही दारावर शिसे असू शकते. डोळ्यांनी ते ओळखता येत नाही, म्हणून आहे असेच धरून चालावे.

दारावर घट्ट बसलेला रंग त्रास देत नाही. त्रास देते ती त्याची धूळ. ती श्वासातून आणि हातांवरून पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूला आणि पोटातल्या बाळाला तिच्यापासून सर्वांत मोठा धोका असतो. शिशाचे अमुक प्रमाण सुरक्षित, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगत नाही. म्हणून आम्ही असे ठरवले:

जो रंग घट्ट आहे तो खरवडायचा नाही, फक्त वरची चमक मारायची. जो सुटला आहे तेवढाच काढायचा, तोही पाणी मारून, ओला असतानाच. कोरडा पॉलिश पेपर किंवा घासायचे यंत्र लावायचे नाही. ब्लो-लॅम्पने जाळायचे तर मुळीच नाही, कारण त्या धुरात शिसे असते. काम अंगणात, खाली जाड प्लास्टिक अंथरून. निघालेला चिखल त्याच प्लास्टिकमध्ये गुंडाळून बांधायचा, विहिरीच्या किंवा भाजीच्या वाफ्याच्या बाजूला टाकायचा नाही. तोंडाला चांगला मास्क, कामाचे कपडे वेगळे आणि ते वेगळेच धुवायचे. खाण्यापूर्वी हात-तोंड साबणाने स्वच्छ. लहान मुले आणि घरातली गरोदर सून त्या बाजूला फिरकणार नाहीत. दिवस पावसाळ्यानंतरचे होते, हवा कोरडी होती, त्यामुळे लाकूड नीट वाळत होते. दमट हवेत दिलेला रंग पुढे फुगतो.

दार खाली उतरले

सुताराने बिजागऱ्या सोडवून दारे उतरवली. पहिली झडप दोन स्टुलांवर आडवी ठेवली आणि बडे अब्बांची खुर्ची तिच्याजवळ आणली. टेबलासारखे आडवे दार असल्याने हात वर उचलावा लागत नव्हता. लाकडाच्या ठोकळ्याला वॉटर पेपर गुंडाळून दिला, म्हणजे दोन्ही हातांनी तो धरता येईल. चांगला हात ओढेल, दुबळा हात सोबत जाईल. बाईंनी सांगितले होते की दोन्ही हातांनी एकत्र केलेले काम दुबळ्या हाताला जागे करते.

पहिल्या दिवशी दहा मिनिटे झाली असतील. उजवा हात ठोकळ्यावरून तीनदा घसरला. चौथ्यांदा घसरला तेव्हा त्यांनी ठोकळा अंगणात भिरकावला आणि म्हणाले, "हा हात माझा नाही." उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. आम्ही दार तसेच ठेवले, त्यावर फक्त चादर टाकली. तिसऱ्या दिवशी असरनंतर पाहिले तर ते चादर बाजूला करून बसले होते. ठोकळा सापडत नव्हता म्हणून ओरडत होते.

त्यानंतरचे दिवस संथ गेले, पण गेले. घासून झाले की ओल्या फडक्याने पुसणे, एक रात्र वाळवणे. भेगांत आणि जुन्या खिळ्यांच्या भोकांत लांबी भरणे. खडूची पूड आणि जवसाचे तेल मळून त्यांनी ती घरीच करवून घेतली, विकतच्या डब्यावर त्यांचा भरवसा नाही. करवडलेली फळी सुताराने बदलली. नव्या लाकडाला प्रायमर. मग रंगाचा पहिला हात, डब्यावर लिहिलेल्या वेळेइतके वाळवणे, हलका वॉटर पेपर, आणि दुसरा हात.

ब्रश धरताना बोटे पुरती मिटत नव्हती. त्यावर बाईंनी तोड काढली. ब्रशच्या दांडीला जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळून ती जाड केली. अर्धवट मिटलेल्या मुठीतही ती बसली. चमचा, कंगवा, दात घासायचा ब्रश यांनाही हीच युक्ती चालते. संधिवाताने बोटे आखडलेल्या आपल्या नानी-दादींसाठीही ती करून पाहावी. जवसाच्या तेलाबाबत एक सावधगिरी सांगून ठेवतो. त्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर एकेक पसरून वाळू द्यावीत, मगच फेकावीत.

रंगावरून घरात वाद झालाच. सगळ्यांना वाटत होते हिरवा. बडे अब्बांना हवा होता जहाजी करडा. "लग्नघर आहे की डॉकयार्ड?" असे बडी अम्मीने विचारले. शेवटी तडजोड झाली. पुढचे दार हिरवे आणि कोठीचे करडे.

दाराचे आपल्याशी नाते

दारे अंगणात उतरलेली असल्याने त्या पंधरवड्यात चौकटींवर नुसते पडदे होते. तेव्हा जाणवले की आपल्या राहणीत दाराला किती जागा आहे. कुरआनच्या सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्यापूर्वी परवानगी घ्यावी, घरातल्यांना सलाम करावा आणि परत जा म्हटले तर परत जावे, अशी स्पष्ट शिकवण आहे. प्रेषित (स.) कोणाच्या दाराशी गेले तर दारासमोर न थांबता उजवीकडे किंवा डावीकडे उभे राहत, असे हदीसमध्ये येते. म्हणजे दार ही घराची अब्रू. पण इयादतीच्या दिवसांत हा आदब सर्वांत आधी विसरला जातो. आजारी माणसाच्या खोलीचे दार कोणीही, कधीही ढकलून आत येतो. अंगावरचे कपडे नीट आहेत का, तो झोपला आहे का, याची चौकशी होत नाही. बरे होणाऱ्या माणसाला काम जसे परत द्यायचे, तसे त्याचे दारही परत द्यायचे असते. पडद्याच्या त्या दिवसांत आम्ही बडे अब्बांच्या खोलीपाशी थांबून सलाम करून, "येऊ का?" विचारू लागलो. दार बसल्यावरही तीच सवय राहिली.

किती बरे वाटले?

वाचकांना खरे तेच सांगायला हवे. रंगाने फालिज गेला असे कोणी समजू नये. औषधे, रक्तदाबाची तपासणी, रोजचा व्यायाम हे सगळे त्या काळात चालूच होते आणि आजही आहे. बडे अब्बांना शेरवानीचे बटण अजून लावता येत नाही. पाय अजून ओढतो. निकाहच्या दिवसापर्यंत चारपैकी तीनच दारे झाली. मागचे दार प्रायमर लावलेल्या अवस्थेतच बसवावे लागले आणि अर्धी बिर्याणी त्याच दारातून बाहेर गेली. पुढच्या दारावर, कडी-कोयंड्याच्या खाली, ब्रशचे फराटे उमटले आहेत. पेंटर म्हणाला, पाच मिनिटांत सपाट करतो. बडे अब्बांनी त्याला हात लावू दिला नाही.

पण कप आता ते स्वतः धरतात, उजव्या हातात, डाव्या हाताचा टेका देऊन. भिंतीकडे तोंड करून पडणे थांबले. आणि निकाहनंतरच्या दुसऱ्या जुम्म्याला ते काठी घेऊन निघाले. आम्ही कोणी सोबत यायचे नाही, असे बजावून. मशिदीत शेवटच्या सफच्या टोकाला खुर्ची ठेवलेली होती. ज्याला उभे राहता येत नाही त्याने बसून पढावे, ही सवलत दीननेच दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही, हे इमामसाहेबांनी बंदरांच्या गोष्टी ऐकता ऐकता कधीतरी त्यांच्या गळी उतरवले होते.

आपल्या घरी करायचे असेल तर

दारच रंगवायला हवे असे नाही. त्या माणसाच्या हातांना पूर्वीपासून माहीत असलेले काम शोधावे. शिवणकाम करणाऱ्या खालाला जुन्या चादरींची गोधडी, शेतावर राबलेल्या चाचांना अंगणातला एक वाफा, दुकान चालवलेल्या मामूंना महिन्याच्या वाणसामानाचा हिशेब. काम खरे असावे, नुसते मन रमवायला दिलेले नको. आजारी माणसाला तो फरक लगेच कळतो. ते काम त्याच्या गतीने होऊ द्यावे, आणि झाल्यावर त्याच्या पाठीमागे पुन्हा नीट करायला जाऊ नये.

मात्र प्रत्येक आजाराची मर्यादा वेगळी. दमा, क्षयरोग किंवा फुप्फुसाचा दुसरा विकार असेल तर तैलरंग आणि टर्पेंटाइनच्या वासापासून लांबच राहावे. पाण्यात कालवायचे इनॅमल मिळते, त्याला वास कमी असतो. तरी घासण्याचे काम दुसऱ्याने करावे. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या भगिनींनी त्या बाजूच्या हाताने जड किंवा फार वेळ घासण्याचे काम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, आणि त्या हाताला कापू-खरचटू देऊ नये. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी पायांनी अशा कामात वावरू नये. पायाला लागलेले कळत नाही आणि जखम चिघळते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर किती श्रम चालतील हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

आणि एक गोष्ट प्रत्येक घरात सर्वांना माहीत असावी. तोंड अचानक एका बाजूला वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांतले काहीही दिसले तर मालिश, झाड-फूंक किंवा सकाळची वाट पाहणे यात वेळ घालवू नये. रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. म्हणून १०८ ला फोन करावा, सीटी स्कॅनची सोय असलेले इस्पितळ गाठावे, आणि लक्षणे किती वाजता सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावी. दुआ वाटेतही करता येते.

रंगाऱ्यांच्या बोलीत एकदा दिलेल्या रंगाला एक हात म्हणतात. पहिला हात लाकूड पिऊन टाकते आणि तो दिला की नाही असे वाटते. दुसऱ्या हाताने रंग खुलतो. घरात बरे होत असलेले माणूस असेल तर पहिल्या हातापाशी थांबू नये. अल्लाह आपल्या घराघरांतल्या आजाऱ्यांना शिफा देवो, त्यांच्या हातांना काम देवो, आणि त्यांच्या सोबत बसणाऱ्यांना धीर देवो. आमीन.